कामरगावची ओल

प्रवासवर्णन लिहायचे तर माणसाने निदान काश्मीर नाही तर कन्याकुमारी तरी गाठलेली असावी, अशी आपल्याकडे समजूत आहे. मी यंदा भाद्रपदात गेलो कामरगावला, आणि तिथे जाऊन पाहिले काय, तर शेवाळ! “शेवाळ पाहायला ठाण्याहून वाशीम जिल्ह्यात कशाला जायला हवे? आपल्या गच्चीवर थोडे का आहे?” असे आमच्या मंडळींनी निघताना विचारले. प्रश्न बिनतोड होता. सोसायटीचा चिटणीस या नात्याने गेली नऊ वर्षे दर पावसाळ्यानंतर ती गच्ची मीच तारेच्या ब्रशाने खरवडून घेत आलो आहे. शेवाळाचा आणि माझा संबंध असला तर वैऱ्याचा, अभ्यासकाचा नव्हे.

पण भाचीचा फोन आला होता. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अमरावती विद्यापीठाच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिने प्रकल्पासाठी विषय घेतला होता तो गावाजवळच्या पाणथळ जागेतल्या शेवाळाचा: ते कुठे वाढते, कुठे वाढत नाही आणि का. गेल्या आषाढापासून तिच्या नोंदी चालू होत्या. “मामा, तुम्ही या,” ती म्हणाली. “बाबा विहिरीला आतून गिलावा करायचं म्हणताहेत. सगळं खरवडून सिमेंट. माझं वर्षाचं काम जाईल. आणि मला त्यांच्याशी भांडताही येत नाही. कारण त्यांचंही चुकत नाहीये.”

हे शेवटचे वाक्य ऐकून मी तिकीट काढले.

मूर्तिजापूरला गाडीतून उतरलो. इथूनच कारंज्यावरून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ सुटत असे. माझ्या ताईचे लग्न झाले तेव्हा आम्ही कारंज्यापर्यंत तिनेच गेलो होतो, आणि वऱ्हाडातली पोरे चालत्या गाडीतून उतरून रुळाकडेची बोरे वेचून पुन्हा गाडीत चढत होती. आता ती गाडी धावत नाही. मी एस. टी. धरली. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर, मध्येच कपाशीची हिरवी वावरे, आणि जिथे पीक नाही तिथे काळीभोर माती. कामरगाव हे कारंजा तालुक्यातले गाव. तालुका पूर्वी अकोला जिल्ह्यात होता. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तो इकडे आला. डोंगर नाही, धबधबा नाही, धुके नाही. शेवाळाने इथे राहावे असे काहीच प्रथमदर्शनी दिसत नाही.

ताईच्या घरी पोचलो, तर ओसरीवर खाटेवर तिच्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो. पूर्वी माझ्या पायरवाला दारात येऊन उभ्या राहणाऱ्या बाई; आज खाटेवरूनच म्हणाल्या, “या जी, मास्तर. बसा. मले काई आता उठनं होत नाई.” (मी कधीही मास्तर नव्हतो. पण चष्मा लावणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तर.) गेल्या वर्षी श्रावणात वावरातल्या विहिरीच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण चालणे परत आले ते चार पावलांचे, तेही काठीने.

आता तुमच्या ध्यानात येईल, की भाचीला भांडता का येत नव्हते. ज्याने आजीला खाटेला खिळवले, त्याचाच नातीने भिंग लावून अभ्यास करायचा! भाऊजी तसे अबोल गृहस्थ. त्या रात्री जेवताना एवढेच म्हणाले, “पोरीच्या शिक्षनाच्या आड मी येत नाई. पन तिथं उद्या हिची माय घसरली, तं काय करू? गवंडी सांगून ठेवला हाय.” यावर ताई काही बोलली नाही, भाची बोलली नाही, आणि मीही वरणभात कालवीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची मला वावरात घेऊन गेली. गावाच्या शिवारात एक लहानसा पाझर तलाव आहे. त्याच्या बांधाच्या पायथ्याशी बारा महिने नाही, पण आठ-नऊ महिने तरी पाणी झिरपत असते. तिथली जमीन चिबड. पीक येत नाही, लव्हाळे माजते, बगळे येऊन उभे राहतात. त्या ओलीतून एक नाली निघते आणि भाऊजींच्या वावराच्या धुऱ्याने जाते. त्या धुऱ्यालाच ती जुनी, दगडी बांधणीची, पायऱ्यांची विहीर. तलाव, चिबड जमीन, नाली आणि विहीर मिळून भाचीची प्रयोगशाळा. उपकरणे म्हणाल तर दहापट मोठे दाखवणारे भिंग, तारेची वाकवलेली दहा सेंटिमीटरची चौकट, एक थर्मामीटर, रंग पालटणाऱ्या कागदी पट्ट्या आणि जुन्या वर्तमानपत्रांची पाकिटे.

“आधी एक सांगते,” ती म्हणाली. “आपण ज्याला शेवाळ म्हणतो ना मामा, ती एक वस्तू नाही. एका नावाखाली तीन-तीन घराणी आहेत.”

हा खुलासा मला नवा होता, आणि वाचकांपैकी पुष्कळांनाही असेल, म्हणून थोडक्यात देतो. पाण्यावर तरंगणारे, दगडावर बुळबुळीत थर धरणारे असते ते शैवल. त्याला ना देठ ना पान. दुसरी हरिता, इंग्रजीतले मॉस. ही मखमलीसारखी दिसते, पण भिंगाखाली धरली की एकेक धागा म्हणजे एक इवलेसे झाड निघते. खोडासारखा दांडा, त्याभोवती पाने, आणि वर ताठ काडीच्या टोकाला एक डबी. त्या डबीत बियांऐवजी धुळीसारखी बीजुके. तिसरी यकृतका, ओल्या मातीवर चपट्या, दुभंगत जाणाऱ्या पानांसारखी पसरते. बांधाच्या पायथ्याला तिची रुपयाएवढी हिरवी चक्रे मी पाहिली. तिचे नाव रिक्सिया. जगात हरितांच्याच सुमारे बारा हजार जाती आहेत, आणि हरिता-यकृतका मिळून भारतात अडीच हजारांहून अधिक.

या झाडांना मुळे नाहीत. बारीक केसांसारखे तंतू असतात, ते दगडाला धरून बसण्यापुरते. खालून वर पाणी चढवणाऱ्या नळ्याही यांच्यात मोठ्या झाडांसारख्या नाहीत. म्हणून हरिता पाणी पिते ते सर्वांगाने, आणि म्हणूनच ती बोटभरच राहते. शिवाय तिच्या घरचे लग्न पाण्यावाचून लागत नाही. नराच्या पेशीला मादीपर्यंत पोहत जावे लागते. पावसाचा किंवा दवाचा पातळसा थर असला तरच तो प्रवास घडतो. मांडवात पाण्याचा थेंब नसेल तर वऱ्हाड परत!

“मग तळ्यात पाणीच पाणी आहे, तिथे मॉस का नाही?” मी विचारले.

“तेच तर मी वर्षभर मोजतेय,” ती हसून म्हणाली, आणि मला एकेका जागेवर घेऊन गेली.

पाण्यात बुडणाऱ्या दगडांवर शैवल होते, हरिता नव्हती. तळ्याची पातळी सारखी वरखाली होते. आज बुडते, महिन्याने उघडे पडते, तिथे हरितेला बिऱ्हाड थाटता येत नाही. काळ्या मातीच्या उघड्या वावरात ती नव्हती. ही माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पायाखालची जमीनच हलत असेल तर बोटभर झाडाने धरायचे कशाला? बांधाच्या दगडांवर मात्र होती, पण उत्तरेकडे तोंड असलेल्या बाजूला दाट आणि दक्षिणेकडच्या बाजूला नावापुरती. कारण आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून तळपतो. कामरगाव साडेवीस अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य थोडा उत्तरेला जातो खरा, पण त्यातला बराच काळ वर ढग असतात. पाऊस सरल्यावर कोरडे ऊन पडते तेव्हा उत्तराभिमुख दगड सावलीत असतात, आणि सावलीतली ओल टिकते.

नालीवरच्या विटांवर, भट्टीतल्या कच्च्या-पक्क्या तुकड्यांवरही ती होती. वीट ओल शोषून धरते. आणि नवल म्हणजे धुऱ्यावर जिथे पऱ्हाट्या जाळल्या होत्या, त्या राखेच्या जागेवर गेल्या हिवाळ्यात एक वेगळीच जात उगवली होती, ती फ्युनारिया. जळक्या जमिनीवर सगळ्यांच्या आधी येऊन बसणारी म्हणून ती जगभर प्रसिद्ध आहे. तिच्या नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘ओलमापी’. भाचीने पाकिटातली वाळकी काडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “फुंकर नको, नुसता श्वास सोडा.” मी श्वास सोडला. ती केसाएवढी काडी माझ्या तळहातावर आपोआप वळली! साठी उलटलेल्या माणसाने इतके दचकणे बरे नव्हे, पण मी दचकलो.

“म्हणजे मामा, नुसतं पुष्कळ पाणी नको,” ती म्हणाली. “थोडी पण टिकणारी ओल, सावली, आणि न हलणारी जागा. या तिन्ही एकत्र आल्या की मॉस येतं.”

मी मनात म्हटले, संसाराला तरी याहून वेगळे काय लागते?

या अभ्यासाला आपल्या देशात मोठी परंपरा आहे. लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांना भारतीय शेवाळशास्त्राचे जनक मानतात. पश्चिम हिमालयातल्या यकृतकांवरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. आपल्या महाराष्ट्रात या अभ्यासकांचे पाय साहजिकच सह्याद्रीकडे वळले. खंडाळा आणि महाबळेश्वर इथल्या हरितांवर १९९८ साली एक स्वतंत्र पुस्तकच निघाले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. कामरगावकडे त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका, आणि वर वैशाखाचे वऱ्हाडी ऊन. आयर्लंड-स्कॉटलंडकडे तर स्फॅग्नम नावाच्या मॉसच्या मैलच्या मैल दलदली आहेत. ते आपल्या वजनाच्या वीसपट पाणी धरते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ते जखमांवर कापसाऐवजी बांधले. पण त्याला आम्लधर्मी पाणी आणि थंडी हवी. आमच्या काळ्या मातीवर भाचीची पट्टी लावली, तर ती अल्काच्या बाजूला झुकली. तेव्हा कामरगावात स्फॅग्नम मिळणार नाही. इथे मिळते ते दुष्काळ सोसणारे, चिवट घराणे.

दुपारी आम्ही विहिरीशी आलो. भाचीने पायऱ्यांवरचा काळपट-हिरवा थर चाकूच्या टोकाने खरवडून गेल्याच वर्षी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. त्याची चित्रे तिने वहीत काढली होती. मण्यांच्या माळांसारखे काही, सुतासारखे काही. त्यात हरितेचे एकही पान नव्हते.

“हे नील-हरित शैवल,” ती म्हणाली. “याच्या भोवती बुळबुळीत लाळेसारखा थर असतो. आजी घसरली ती यावरून. मॉस पायरीवर नव्हतंच, ते आहे समोरच्या भिंतीवर.” मग जरा थांबून ती प्रामाणिकपणे म्हणाली, “पायरीवर मॉस आलं, तर त्यावरूनही पाय सरकेलच. पायरी घासायलाच हवी. माझं म्हणणं फक्त भिंतीबद्दल आहे.”

समोरची भिंत म्हणजे विहिरीची दक्षिणेकडची, जिचे तोंड उत्तरेला. तिच्या दगडांच्या सांध्यांत हिरवी मखमल होती. हायोफिला म्हणून तिची जात. सगळीकडे सारखी मात्र नव्हती. भाचीने महिन्यामहिन्याला त्या भिंतीचा नकाशा काढला होता. भाद्रपदात भिंत बहुतेक हिरवी. मार्गशीर्षात वरचा पट्टा तपकिरी. माघात सगळी भिंत वाळून करडी, पण चार सांधे हिरवेच. आणि चैत्रात, जेव्हा पाणी तळाला गेले, तेव्हाही एक सांधा हिरवा राहिला होता.

नकाशा पाहता पाहता माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. जुन्या दगडी विहिरीत पाणी येते ते तळातून आणि बाजूच्या सांध्यांतून. जो सांधा माघातही हिरवा, तो माघातही पाझरतो! गिलावा करायचा म्हणजे नेमके हेच सांधे सिमेंटने बुजवायचे.

मी संध्याकाळी ओसरीवर भाऊजींपुढे तो नकाशा ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. तेवढ्यात खाटेवरून आजी म्हणाल्या, “दाखव वं मले.” नातीने वही त्यांच्या डोळ्यांजवळ धरली. आजींना लिहिता-वाचता येत नाही, पण विहीर त्यांनी ओळखली. चैत्रातल्या त्या एका सांध्यावर त्यांनी बोट ठेवले.

“हाच तो दगड,” त्या म्हणाल्या. “बहात्तरच्या दुष्कायात मी तवा नवी नवरी होती. हीर आटली होती. पन या दगडाच्या फटीतून थेंब थेंब पानी ये. माही सासू तिथं रातभर गडू लावून ठेवे. सकायपावतर एक गडू भरे. तिनंच सांगतलं मले, ज्या फटीले हिरवं रायते, तिले हात लावू नोको.”

कोणी काही बोलले नाही. भाची वहीत काहीतरी लिहू लागली. तिला पुढचे दिसत नसावे, कारण ती दोनदा त्याच ओळीवर लिहीत होती.

तिचे गुरुजन सावध राहायला शिकवतात, म्हणून तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितले, की शेवाळ दिसले म्हणजे खाली पाण्याचा साठा आहे असा अर्थ कोणी काढू नये. दवाची, पन्हळीच्या गळतीची ओलही त्याला पुरते. ते सांगते ते एवढेच, की या जागी ओल टिकते. पण विहिरीच्या भिंतीवर एवढे सांगणे पुरेसे होते.

भाऊजींनी गवंड्याला निरोप पाठवला तो काम बदलून. पायऱ्या घासून, टाकीने टाचून खरबरीत करायच्या. एका बाजूने लोखंडी पाइपाचा कठडा बसवायचा. दर पंधरवड्याला तारेचा ब्रश फिरवायचा. भिंतीला हात लावायचा नाही. मी निघायच्या आदल्या दिवशी कठडा बसला. भाऊजींनी त्याला धरून, जोर लावून, दोनदा हलवून पाहिला. मग पहिल्यांदा ताईला खाली उतरायला सांगितले.

त्याच संध्याकाळी भाचीने आजींसाठी एक गंमत केली. माघात भिंतीवरून आणलेला हायोफिलाचा झुबका आठ महिने वर्तमानपत्राच्या पाकिटात पडला होता. तपकिरी, आवळलेला, चहाच्या चोथ्यासारखा. वाळले की या जातीची पाने आत गुंडाळतात. तिने तो वाटीभर पाण्यात सोडला आणि वाटी आजींच्या हातात दिली. आम्ही सगळे भोवती जमलो. मिनिट गेले, दोन गेली, आणि मग एकेक पान उलगडू लागले. बघता बघता वाटीत हिरवी मखमल! दक्षिण ध्रुवाकडच्या साइनी बेटावर दीड हजार वर्षांहून अधिक काळ बर्फात गाडलेले मॉस प्रयोगशाळेत पुन्हा वाढले, असे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २०१४ साली जाहीर केले. त्यापुढे आठ महिन्यांची काय कथा? पण ओसरीवरच्या आम्हांला ते पुरे होते.

आजी बराच वेळ वाटीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “मेलं नोयतं त हे. वाट पाहत होतं.” आणि काठीकडे हात करून सुनेला म्हणाल्या, “दे ती. अंगनातवर जाऊन येतो.”

परत आल्यावर मी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीखाली, कठड्याच्या कोपऱ्यात, रुपेरी-हिरव्या झुपक्याची एक जात दिसली. भिंगातून पाहिली. भाचीने चित्र दाखवले होते ती हीच: ब्रायम, मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत शहरांच्या फटींतून राहणारी. नऊ वर्षे मी हिला खरवडत होतो, आणि टाकीचा तो कोपरा गळतो आहे हे नऊ वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते. ती बिचारी दर पावसाळ्यानंतर तेच सांगत होती. प्लंबरला बोलावले आहे. जाण्यायेण्याची वाट मात्र यंदाही घासून घेतली; आजींची आठवण ठेवून.

आता दिवाळी आली. घरोघरी मुले मातीचे किल्ले करतील आणि त्यावर हिरवळ दिसावी म्हणून अळीव पेरतील. त्या वेळी त्यांना अंगणातल्या किंवा जिन्याखालच्या भिंतीशी घेऊन जा, आणि उपटायच्या आधी ती हिरवी मखमल भिंगातून दाखवा. मग विचारा, इथे ओल कुठून आली? उत्तर शोधायला मुले लागतील, आणि कोणी सांगावे, तुमच्याही घरातला एखादा सांधा सापडेल.